पिल्लाचे पाय गार आहेत का बघा: कोंबडीपालनाचे प्रश्न आणि उत्तरं

थंडी पडायला लागली की पिल्लांच्या मरतुकीचे प्रश्न यायला लागतात, यावेळी सांगली-साताऱ्याकडनं बरेच आलेत, पावसाळ्यातले काही राहिले होते ते पण घेतलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आधीच सांगून ठेवतो, जवळजवळ प्रत्येकानं "कोणतं औषध देऊ" असं विचारलंय आणि माझ्या उत्तरात औषध फार कमी वेळा येणार आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ऊब, पाणी, खाद्य, कोरडं तूस आणि मोकळी हवा हे पाच मिळालं तर बाटल्यांचा खर्च निम्म्यानं पडतो असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: माझं 1000 ब्रॉयलर (मांसासाठीच्या) पिल्लांचं शेड आहे. थंडीतल्या लॉटला तिसऱ्या ते पाचव्या दिवसात बरीच पिल्लं मेली, मग आपोआप मरतूक थांबली. बल्ब लावले होते, दुकानदारानं दिलेलं अँटिबायोटिक पण पाजलं. पिल्लंच खराब होती का? (एक वाचक, ता. जत)

दादा, पिल्लं खराब असू शकतात, पण तुम्ही लिहिलंय तसं तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी मरतूक येऊन आपोआप थांबली असेल तर मला आधी वेगळाच संशय येतो. पिल्लू अंड्यातनं बाहेर येताना पोटात बलकाचा साठा घेऊन येतं, त्याच्यावर ते दोन-तीन दिवस काही न खाता जगू शकतं. म्हणजे काय, की जे पिल्लू पहिल्या दिवशी गारठून बल्बखाली घोळक्यात बसून राहिलं, पाण्यापाशी गेलंच नाही, खाद्याला तोंड लावलं नाही, ते लगेच मरत नाही, साठा संपला की मरतं. चूक पहिल्या रात्री झालेली असते आणि मेलेली पिल्लं चौथ्या दिवशी दिसतात, त्यामुळं माणूस चौथ्या दिवशी औषध शोधत बसतो. मरतूक थांबली ती औषधानं नाही, न खाणारी पिल्लं संपली म्हणून थांबली.

आता बल्बचं. तुम्ही लिहिलंय "बल्ब लावले होते" पण कोणते ते नाही लिहिलं. आजकाल दुकानात मागितलं की एलईडी देतात आणि एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही! पिल्लाला पाहिजे तो जुना तारेचा पिवळा बल्ब, त्याची जवळजवळ सगळी वीज उष्णतेत जाते. थंडीत एका पिल्लामागं साधारण 2 वॅट धरा, म्हणजे 250 पिल्लांच्या एका गोल कुंपणाला 100 वॅटचे 5 बल्ब. तारेचे बल्ब मिळत नसतील तर गॅस ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं साधन) किंवा इन्फ्रारेड दिवे घ्या. जतसारख्या उघड्या माळावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे जो गारठा पडतो त्यात नुसत्या बल्बवर भागत नाही, त्यात लाईट गेली तर संपलंच, तेव्हा गॅसची सोय हाताशी पाहिजेच.

तापमान पहिल्या आठवड्यात 95 फॅरनहाइट म्हणजे 35 सेल्सिअस, मग दर आठवड्याला 5 फॅरनहाइटनं उतरवत न्यायचं. पण हे मोजायचं कुठं, तर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. भिंतीला छातीएवढ्या उंचीवर टांगलेला थर्मामीटर तुम्हाला तुमच्या छातीचं तापमान सांगतो. आणि पिल्लं यायच्या आधी निदान 24 तास ब्रूडर चालू करून ठेवा, नुसती हवा गरम होऊन उपयोग नाही, खालचं तूस गरम व्हायला वेळ लागतो, आणि पिल्लू चालतं तुसावर.

थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. सगळी बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करतायत म्हणजे थंडी वाजतेय. सगळी कडेला पळालीत, चोच उघडून धापा टाकतायत, पंख सोडलेत, म्हणजे भाजतायत. एकाच बाजूला सगळी सरकलीत तर दुसऱ्या बाजूनं वारं शिरतंय. गोलभर पांगलीत, काही खातायत काही पितायत काही पाय पसरून झोपलीत आणि आवाज शांत आहे, तर झालं काम. दुसरी खूण म्हणजे पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावायचे, गार लागले तर ऊब कमी आहे. रात्री दोन-तीन वाजता उठून हे बघा, दिवसा सगळ्यांचंच ब्रूडिंग, म्हणजे ऊब देणं, चांगलं असतं.

चिकगार्डचा, म्हणजे पिल्लांभोवतीच्या त्या कुंपणाचा, गोल 8 फूट व्यासाचा, त्यात 250 पर्यंत पिल्लं, पाण्याची आणि खाद्याची भांडी 50 पिल्लांना एक-एक, आणि भांडी बल्बच्या बरोबर खाली नाहीत, कडेला. गोल रोज थोडा वाढवत न्यायचा. चौकोनी करू नका, कोपऱ्यात पिल्लं एकावर एक चढून खालची गुदमरतात.

आणि ते अँटिबायोटिक. डॉक्टरांनी न बघता पहिल्या दिवसापासनं पाजायचं बंद करा, ही विनंती समजा नाहीतर काय पण समजा. कोलिस्टिन तर 2019 पासनं खाण्याच्या जनावर-पक्ष्यांत आपल्या देशात बंदच आहे कारण ते माणसाचं शेवटचं हत्यार आहे, तरी बाटलीवरचं न वाचता पाजणारे भेटतात. दुकानदाराला विचारा नक्की काय आहे त्यात.

प्रश्न: लाईट जाते म्हणून कोळशाची शेगडी ठेवतो, चालतं का? (जतचेच आणखी एक वाचक, आणि दहिवडीचे एक)

चालतं पण सांभाळून. कोळसा शेडच्या बाहेर पेटवायचा, धूर पूर्ण जाऊन निखारे लाल झाले की मग आत आणायचा, शेगडीभोवती जाळी लावायची. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नाही, निखाऱ्यातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही वास नाही, पडदे गच्च लावलेले असले तर सकाळी गोलच्या गोल मेलेला सापडतो. पडद्याची वरची बाजू वीतभर उघडी ठेवाच. आणि राखणीला असलेल्या माणसानं त्या बंद शेडमध्ये शेगडीशेजारी झोपू नये, कितीही थंडी असू दे. यात पिल्लांइतकाच माणसाचा जीव जातो.

प्रश्न: आमच्याकडं पावसाळाभर ओल असते. पिल्लांना सर्दी होऊन घुरघुर आवाज येतो, डोळ्यातनं पाणी येतं. थंडी नको म्हणून मी पडदे दिवसरात्र बंद ठेवते तरी हे होतंच. (एक वाचक, ता. शिराळा)

ताई, "तरी होतंच" नाही, बहुतेक त्याच्यामुळंच होतंय. तुमच्या शिराळ्यात, तिकडं पाटणला, पाऊस एकदा लागला की तूस वाळतच नाही, त्यात पडदे बंद, मग विष्ठेतनं अमोनिया तयार होतो आणि तो जमिनीलगत, म्हणजे बरोबर पिल्लाच्या नाकाच्या उंचीला जास्त असतो. 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) वर गेला की पिल्लाच्या श्वासनळीतली जी बारीक लव असते, जी घाण बाहेर ढकलते, ती निकामी व्हायला लागते, मग सीआरडीचा (श्वासाच्या जुनाट आजाराचा) जंतू आणि पाठोपाठ ई-कोलाय आत शिरतो. शेडमध्ये रोज वावरणाऱ्याला वास येईनासा होतो, नाकाला सवय लागते. म्हणून बाहेर पंधरा-वीस मिनिटं थांबून मग आत जा आणि खाली बसून, पिल्लाएवढं वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लाचं काय होत असेल ते कळेल.

पडदा खालून वर ओढला जाईल असा बसवा, वरनं खाली सोडायचा नाही. म्हणजे खालनं पिल्लांवर वारं येत नाही आणि वरच्या फटीतनं घाण हवा निघून जाते. ऊब ब्रूडरनं द्यायची, पडद्यानं नाही. बरेच जण गॅस वाचवायला पडदे बंद करतात, गॅसचे वाचलेले पैसे औषधाला जातात.

तुमच्याकडं भातामुळं तूस भरपूर मिळतं ही चांगली गोष्ट आहे पण ते उन्हाळ्यातच भरून, कोरड्या जागी, जमिनीपासनं वर रचून ठेवा. पावसात भिजलेलं, बुरशीचा वास येणारं तूस अंथरलं तर ब्रूडर न्यूमोनिया होतो, त्या बुरशीचं नाव अस्परजिलस. त्यात पिल्लू मान वर करून चोच उघडून श्वास ओढतं पण घुरघुर आवाज शक्यतो येत नाही, आवाज येतो तो सीआरडीत. हा फरक लक्षात ठेवा कारण बुरशीच्या आजारावर अँटिबायोटिक काही काम करत नाही, उपाय एकच, ते तूस काढून टाकायचं. थर 2 ते 3 इंच, पहिले दोन-तीन दिवस वर कागद, नाहीतर पिल्लं तूसच खात बसतात. कागद गुळगुळीत नको, पाय फाकतात, खडबडीत घ्या नाहीतर पन्हळी पुठ्ठा टाका.

प्रश्न: पिल्लं आल्यावर गूळपाणी द्यायचं की इलेक्ट्रोलाइट? (एक विद्यार्थी, कराड)

लांबनं प्रवास करून आलेली असतील तर पहिले काही तास कोणतंही एक चालतं. दिवसभर गूळपाणी ठेवू नको, आंबतं आणि हगवण लागते. पाणी गार नको, ब्रूडरखाली आधीच ठेवून कोमट झालेलं पाहिजे, काही पिल्लांची चोच हातानं बुडवून पाणी दाखव, बाकीची बघून शिकतात. आधी पाणी, मग दोन-तीन तासांत कागदावर मक्याचा भरडा किंवा प्री-स्टार्टर (पहिल्या दिवसांचं तयार खाद्य). नुसत्या भरड्यावर दुसऱ्या दिवसाच्या पुढं ठेवायचं नाही, प्रोटीन मिळत नाही.

प्रश्न: आमच्याकडं अंड्याच्या कोंबड्यांची पिल्लं वाढवतो. लासोटा सातव्या दिवशी पाण्यातनं दिली तरी पाच आठवड्यांच्या पिल्लांत मानमोडी (राणीखेत) आली. लस बोगस होती का? (एक वाचक, विटा)

काका, मानमोडीनं लॉट जाताना बघणं काय असतं ते कळतंय, तुमच्या विट्याच्या पट्ट्यात घरटी शेड आहे म्हटल्यावर एका शेडचा आजार दहा शेडला पोचतो. लस बोगस असायची शक्यता फार कमी. लस मेली असायची शक्यता फार जास्त.

लासोटा ही मानमोडीची, जिवंत विषाणूची लस आहे. तिला कंपनीतनं तुमच्या पिल्लापर्यंत 2 ते 8 डिग्रीत राहायला लागतं. दुकानातनं खिशात टाकून दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर आणली, की बाटली तीच राहते पण आत काही उरत नाही. थर्मासमध्ये बर्फ टाकूनच आणा. दुसरं पाणी. टाकीत ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनच्या गोळ्या असतील तर ज्या औषधानं पाण्यातले जंतू मरतात त्याच औषधानं लस पण मरते, म्हणून लसीच्या आधी आणि नंतर 24 तास पाण्यात कसलंच जंतुनाशक नको, भांडी पण साध्या पाण्यानं धुवायची. पाण्यात लिटरला 5-6 ग्रॅम स्किम मिल्क पावडर आधी मिसळून अर्धा तास ठेवायची, तिनं उरलासुरला क्लोरीन मरतो आणि लसीला आधार मिळतो, मग लस टाकायची.

तिसरं, पिल्लाला मिळाली का? पिल्लं तहानलेली पाहिजेत, तासभर पाणी बंद, उन्हाळ्यात त्याहून कमी. पाणी दोन तासांत संपेल एवढंच. भांडी कमी असली तर तगडी पिल्लं पितात, कमजोर मागं राहतात, आणि आजार नेमका त्या मागं राहिलेल्यांत शिरतो. म्हणून पहिली मात्रा, पाच ते सात दिवसांतली, मी पाण्यातनं देऊच नका म्हणतो, डोळ्यात एक थेंब टाका, थेंब आत जिरेपर्यंत पिल्लू सोडू नका. वेळ जातो, माणसं लागतात, पण एकही पिल्लू सुटत नाही. अंड्याच्या पक्ष्याला वर्ष-दीड वर्ष ठेवायचं असतं, तिथं एक दिवसाची मजुरी वाचवून काय मिळणार?

चौथं, तुम्ही एकच लस सांगितली. मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या आजाराची) लस हॅचरीत, म्हणजे अंडी उबवतात तिथं, पहिल्याच दिवशी होते, ती केली का विचारून घ्या. मग लासोटा, बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान गंबोरो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लासोटा परत, पुढं देवीची, आणि सहा ते आठ आठवड्यांनी मानमोडीचीच आर-टू-बी टोचायची. तुमच्या पत्रात दुसरी लासोटा आणि गंबोरो दोन्ही दिसत नाहीत. गंबोरोत पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार करणारी गाठच खराब होते, मग आधी दिलेली लासोटा असून नसल्यासारखी होते. नेमका दिवस तुमच्या डॉक्टरांकडनं ठरवा, आईकडनं पिल्लाला आलेली शक्ती जास्त असताना गंबोरो लवकर दिली तर ती शक्तीच लसीला मारते.

आजारी पिल्लांना त्या दिवशी लस करायची नाही. आणि असा प्रकार परत झाला तर त्याच दिवशी ताजं मेलेलं पिल्लू बर्फात ठेवून, फ्रीजरमध्ये गोठवून नाही, पोस्टमॉर्टेमला न्या. साताऱ्याच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, नाहीतर पुण्याला औंधचा रोग अन्वेषण विभाग (पुण्यातलं औंध, आपल्या खटावचं नाही, हे एकदा एक जण खरंच विचारत होते). विट्याहून आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, ते नमुने पुढं पाठवतात.

प्रश्न: 24 दिवसांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसतंय, पंख पाडून बसतात. (एक वाचक, तासगाव)

रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. आज डॉक्टरांना बोलवा, उद्या नको. बहुतेक ॲम्प्रोलियम पाण्यातनं देतील, ते देत असताना व्हिटॅमिन बी-1 असलेलं टॉनिक देऊ नका, दोन्ही एकमेकांच्या उलट काम करतात. दुसरी सावधगिरी, तयार खाद्यात बऱ्याचदा सॅलिनोमायसिनसारखं कॉक्सीचं औषध आधीच असतं, अशा वेळी सीआरडीसाठी म्हणून कुणी टायम्युलिन पाजलं तर पिल्लं लुळी पडून मरतात, विषबाधाच ती. म्हणून खाद्याच्या पोत्यावरचं लेबल फाडून टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

हा आजार ओल्या तुसातनं येतो. त्याच्या जंतूची अंडी नेहमीच्या जंतुनाशकानं मरत नाहीत, पण कोरड्यात वाढत पण नाहीत. पाण्याच्या भांड्याखालचं ओलं तूस काढून बाहेर लांब टाका, कोरडं भरा, भांड्याची उंची पिल्लाच्या पाठीएवढी ठेवा म्हणजे सांडत नाही, बाकी तूस रोज खालीवर करा. ओल्यावर नुसता चुना मारू नका, अमोनिया उलट जास्त सुटतो, आधी ओलं उचला.

प्रश्न: आमच्या बचत गटाला 100 पिल्लांपासनं परसातलं कोंबडीपालन करायचंय. कोणती जात घेऊ? कडकनाथ करा म्हणतात. (कोरेगाव तालुक्यातल्या एका गटाच्या ताई)

ताई, अंडी आणि मटण दोन्ही पाहिजे तर वनराज, अंड्यावर भर असेल तर ग्रामप्रिया, या दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या जाती, बंगळूरची गिरिराज पण आपल्याकडं चांगली चालते. कडकनाथ पक्षी म्हणून चांगलाय, झाबुआचा, 2018 ला त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण तो सावकाश वाढतो आणि अंडी कमी देतो. त्याचं गिऱ्हाईक तुमच्या हातात असेल तरच करा. "पिल्लं आमच्याकडनं घ्या, अंडी आम्हीच वाट्टेल त्या भावानं परत घेऊ" असं सांगणाऱ्याच्या दारात जाऊ नका, 2019 ला वाळवा-इस्लामपूर भागात यात किती घरं बुडाली ते आपण बघितलंय.

परसातल्या कोंबड्यांत सगळ्यात मोठी गफलत ही की पिल्लं गावरान म्हणून पहिल्या आठवड्यातच मोकळी सोडतात. खुडूक कोंबडी असेल तर ती पंखाखाली घेते, ती स्वतःच ब्रूडर आहे. हॅचरीतनं आणलेल्या पिल्लांना आई नाही, त्यांना चार ते सहा आठवडे ऊब, स्टार्टर खाद्य आणि वरच्या सगळ्या लसी लागतातच. एकीच्या घरी शंभरच्या शंभर ब्रूड करा आणि मोठी झाल्यावर वाटून घ्या, प्रत्येकीनं दहा-दहा घरी नेऊन वाढवली तर निम्मी मांजर नाहीतर मुंगूस नेतं. जाळी अर्ध्या इंचाची, मोठ्या भोकातनं मुंगूस आत येतं.

प्रश्न: उन्हाळ्यात माणसाला बसवत नाही, तरी ब्रूडर लावायचा? (एक वाचक, ता. माण)

दुपारी नाही, रात्री हो. माणदेशात एप्रिलमध्ये पण पहाटे उतरतं. दुपारी बल्ब बंद, पडदे उघडे, पत्र्यावर पाचट किंवा कडबा टाका, पाण्याची भांडी वाढवा आणि दर दोन तासांनी पाणी बदला. बोअरचं पाणी जड असेल तर एकदा तपासून घ्या, औषध आणि लस दोन्ही त्यात नीट काम करत नाहीत.

प्रश्न: मी कंपनीच्या करारावर पिल्लं वाढवतो. पिल्लं कमजोर आली तरी शेवटी दोष आमच्या ब्रूडिंगला लावतात. काय करायचं? (एक वाचक, ता. कडेगाव)

भाऊ, तुमची तक्रार अनेकांची आहे आणि याला वही हाच एक उपाय मला दिसतो. गाडी आली की कंपनीचा सुपरवायझर असतानाच पाच-सहा खोक्यातली पिल्लं मोजा आणि वजन करा. एका दिवसाचं ब्रॉयलर पिल्लू 40 ग्रॅमच्या आसपास पाहिजे. पिल्लू उलटं करून बेंबी बघा, बंद आणि कोरडी पाहिजे, काळी खपली, ओली किंवा दोरा लोंबणारी असेल तर ती हॅचरीतनं आलेली अडचण आहे, अशी पिल्लं वेगळी मोजून लिहा, फोटो काढा. पाय सुकलेले, सुरकुतलेले असतील तर प्रवासात पाणी कमी पडलंय, ते पण लिहा.

मग तुमची बाजू. सोडल्यापासनं 24 तासांनी वेगवेगळ्या जागची शंभर पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी चाचपा. मऊ आणि भरलेली पाहिजे. शंभरातली 95 तरी भरलेली असली की तुमचं ब्रूडिंग बरोबर आहे असं छातीठोकपणे सांगता येतं. पिशवी कडक लागली तर खाद्य मिळालं पण पाणी नाही मिळालं, रिकामी असेल तर ऊब नाहीतर भांडी कमी पडली. सातव्या दिवशी परत वजन, आल्या वजनाच्या चारपट तरी भरलं पाहिजे. पहिल्या आठवड्यातली मरतूक एक टक्क्याच्या आत असली तर चांगलं चाललंय. रोजची मरतूक, रात्रीचं तापमान, खाद्य-पाणी, लसीची बॅच, सगळं त्याच वहीत, आणि सुपरवायझर येईल तेव्हा त्याची सही घ्या. सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर वाद घालू नका, वहीच्या पानाचा फोटो काढून त्याच वेळी त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका, तारीख आणि वेळ त्यावर आपोआप राहते.